याचकाला पहिले दान उत्तराचे

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात. पत्रावळीवर पसरलेल्या मातीत धान्य पेरले जाते, नंदादीप तेवू लागतो आणि रोज एक माळ घटावर चढते. ह्या नऊ दिवसांत आमच्या शाहूवाडी तालुक्यातून जाणाऱ्या कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर भाविकांची वर्दळ वाढते. कोकणातून आंबा घाट चढून आलेली कुटुंबे मलकापूर, बांबवडे ही गावे मागे टाकून करवीरनिवासिनी श्रीअंबाबाईच्या दर्शनास जातात. कोणी वाट वाकडी करून वाडी रत्नागिरीस श्रीजोतिबाच्या पायांवर डोके ठेवतात. आणि जेथे भाविक तेथे याचक, हा क्रम तर पूर्वापार चालत आलेला. एस. टी. स्थानकाच्या फलाटावर, चहाच्या गाड्यापाशी, देवळाच्या पायरीवर कोणी एक अनोळखी माणूस हात पुढे करतो आणि म्हणतो, "दादा, काहीतरी द्या."

त्या क्षणी आपण काय करतो, हे वाचकांनी मनाशी आठवून पाहावे. कोणी नजर दुसरीकडे वळवितो, कोणी मोबाईल कानाला लावतो, कोणी तोंडातल्या तोंडात पुटपुटून पाऊल उचलतो, तर कोणी कटकट टळावी म्हणून खिशातले हाती लागेल ते नाणे त्या हातावर टाकून मोकळा होतो. देणारा आणि न देणारा, दोघांच्या वागण्यात एक गोष्ट मात्र सारखी असते. समोरच्या माणसाकडे दोघांनीही पाहिलेले नसते. द्यावे की न द्यावे, ह्या प्रश्नावर आपल्याकडे उदंड वाद होतो. आमच्या मते त्याच्याही अगोदरचा एक प्रश्न आहे, आणि नवरात्रासारख्या पुण्यपर्वात तो गृहस्थाश्रमी माणसाने स्वतःस विचारावयास हवा. मागणाऱ्याला आपण उत्तर तरी देतो काय?

करवीर हे भिक्षेचे क्षेत्र

नवरात्रात हा प्रश्न विचारण्यास विशेष कारण आहे. देवीचे उपासक ह्या दिवसांत जोगवा मागतात. ज्या घरी जोगव्याचा कुलाचार आहे त्या घरची सुवासिनी, मग ती कितीही सुस्थितीतील असो, परडी हाती घेऊन पाच घरी जाते आणि देवीच्या नावाने पसाभर धान्य मागते. तिच्या घरी धान्याला तोटा नसतो. तरीही ती मागते, कारण मागताना मान खाली घालावी लागते, आणि ती अधूनमधून खाली जावी असाच ह्या आचाराचा हेतू आहे. मुंजीत बटूने प्रथम आईपुढे हात पसरावयाचा, ह्यातही तोच संस्कार आहे. श्रीएकनाथमहाराजांनी आपल्या भारुडांतून जोगवा, वासुदेव, जोशी, पांगूळ अशी दारोदार मागणाऱ्यांचीच रूपे घेतली, आणि ज्या तोंडांकडे समाज पाहत नव्हता त्या तोंडांतून परमार्थ बोलविला.

आपले करवीर तर प्रत्यक्ष भिक्षेचे क्षेत्र होय. श्रीदत्तात्रेयांचा नित्यक्रम सांगताना परंपरा म्हणते की, ते भिक्षेस करवीरास येतात आणि निद्रेस माहूरगडी जातात. जगन्माता जेथे वास करते आणि त्रैमूर्ती जेथे झोळी पुढे करते, त्या क्षेत्राच्या छायेत राहणाऱ्या माणसांनी तरी झोळीकडे तुच्छतेने पाहू नये.

ह्याच जिल्ह्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ घडलेली घेवड्याच्या वेलाची कथा गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात आली आहे. अमरापुरी एक दरिद्री ब्राह्मण होता. तो स्वतः कोरडी भिक्षा मागून निर्वाह करी, आणि भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी दारातल्या घेवड्याच्या शेंगांवर घरची चूल पेटे. एके दिवशी श्रीनृसिंहसरस्वती त्याच्या दारी भिक्षेस आले. घरात दुसरे काही नव्हते. घेवड्याची भाजी केली आणि ती गुरूंना वाढली. जेवून निघताना गुरूंनी तो वेलच मुळासकट उपटून टाकला. घरची बाई शोक करू लागली. पतीने तिची समजूत घातली आणि वेलाचे मूळ काढण्यासाठी तो खणू लागला, तो तेथे द्रव्याने भरलेला घट निघाला.

ही कथा आमच्या घराघरांत पारायणाच्या निमित्ताने वाचली जाते. तिच्यातील चमत्काराचे सर्वांस कौतुक वाटते. पण तिच्यात दानाविषयी दोन गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांकडे फारसे लक्ष जात नाही. पहिली अशी की, ज्याच्यापाशी काही नाही असे आपण समजतो तोही दाता होऊ शकतो. भिक्षेवर जगणाऱ्यानेच येथे भिक्षा वाढली आहे. दुसरी अशी की, पोटापुरत्या शेंगा देत राहणारा आणि दारिद्र्य जागच्या जागी ठेवणारा वेल कधीतरी उपटावा लागतो. ज्या दयेने मागणारा जन्मभर मागणाराच राहतो ती दया अपुरी होय. ह्या दोन्ही गोष्टी मनात धरूनच रस्त्यावरच्या हाताचा विचार करावयास हवा.

पसा आणि पैसा

आपल्या पूर्वजांना ह्या बाबतीत फारसा गोंधळ पडत नसे. पहाटे पिंगळा येई, सूर्योदयास मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव येई. कधी गोंधळी, कधी पोतराज, कधी नंदीबैल घेऊन फिरणारा, कधी बहुरूपी, कधी घराण्याची वंशावळ मुखोद्गत असलेला हेळवी, तर कधी नाथपंथी डवरी गोसावी दारात उभा राही. बारा बलुतेदारांच्या जोडीला अलुतेदारांची जी परंपरा गावगाड्यात होती, तिच्यात ह्यांतील काहींची गणना होत असे. त्यांना मिळणारे धान्य ही निव्वळ दया नव्हती. त्यात हक्काचाही अंश होता. त्या बदल्यात ते नाव गात, शकुन सांगत, पूर्वजांची आठवण जागी ठेवीत. गृहिणी सुपातून पसाभर जोंधळा वा भात आणून झोळीत घाली. घरात काही नसले तर "माफ करा, महाराज" किंवा "पुढच्या खेपेला या, बाबा" असे म्हणून दोन्ही हात जोडी. नकारालाही एक रीत होती, आणि त्या रीतीत मागणाऱ्याला महाराज किंवा बाबा म्हटलेले असे.

आज मागणारा पसा मागत नाही, पैसा मागतो. तो दारी येत नाही, वाटेत भेटतो. त्याचे नाव, गाव, गाणे, सोंग ह्यांपैकी काहीच आपणास ठाऊक नसते. पसाभर धान्य देताना ते कोणाच्या पोटात जाईल ही शंका येत नसे. नाण्याचा प्रवास मात्र दिसत नाही. शिवाय दारात आपण यजमान असतो, फलाटावर आपणही वाटसरूच. तेथे ना सूप हाताशी, ना देवघर पाठीशी. सुटे नाहीत ही जुनी सबबही आता टिकत नाही, कारण फोनवरून पैसे घेण्याची पाटी काही ठिकाणी याचकांच्या गळ्यातही दिसू लागली आहे. रीत गेली, आणि तिच्या जागी नवी रीत आली नाही. म्हणून आपण मान वळवितो. आमच्या मते ह्या मान वळविण्यात कठोरपणापेक्षा गोंधळच अधिक असतो.

सत्पात्र कोणाला म्हणावे?

भिक्षेविरुद्ध जे बोलले जाते ते सारेच खोटे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' ह्या ग्रंथात फिरस्त्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि मागणाऱ्यांच्या तांड्यांपायी कुणबी कसा नागवला जातो, हे तपशीलवार दाखविले. तुकोबांनी भीक मागून जगण्याचा तीव्र शब्दांत धिक्कार केला आहे. समर्थ रामदासांनी दासबोधात भिक्षेवर एक पूर्ण समास लिहिला. पण त्यांची भिक्षा पोट भरण्यासाठी नव्हती, लोकांची परीक्षा आणि देशाची पाहणी करण्यासाठी होती. आमच्या शेजारच्या शिराळ्यास आणि मनपाडळे, पारगाव येथे त्यांनी स्थापिलेले मारुती आजही बलोपासनेची आठवण देतात. धडधाकट माणसाने फुकटचे खाऊ नये ही शिकवण आमच्या संतांचीच आहे, आणि ती आम्हांस सर्वथा मान्य आहे.

श्रीगाडगेबाबांचे उदाहरण तर सर्वांच्या स्मरणात आहे. हाती खराटा आणि गाडगे घेऊन ते गावात येत. प्रथम गाव झाडीत, लाकडे फोडीत, आणि मग भाकरी मागत. १९५६ च्या डिसेंबरात देह ठेवीपर्यंत त्यांच्या नावाने लाखो रुपये जमले. त्यांतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि आंधळ्या-पांगळ्यांना अन्न मिळाले. स्वतः त्यांनी मात्र खापरातलेच खाल्ले. श्रमाशिवाय भाकरी घेऊ नये आणि ज्याच्याने श्रम होत नाहीत त्याला उपाशी ठेवू नये, ही दोन्ही तत्त्वे त्यांनी एका देहात नांदविली.

मग सत्पात्र कोण? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची इच्छा न धरता, कर्तव्य म्हणून दिलेले दान ते सात्त्विक. 'पात्र पाहून' एवढेच शब्द उचलून पुष्कळ लोक आपला हात आखडतात. पण त्याच ठिकाणी भगवंतांनी तामस दानाचे लक्षण सांगताना अपात्री दिलेल्या दानाबरोबरच आदर न ठेवता, अवहेलना करून दिलेल्या दानाचाही उल्लेख केला आहे, तो आपण सोयीस्करपणे विसरतो. याचा अर्थ असा की, तुच्छतेने फेकलेले नाणे एखाद्या खऱ्या गरजवंताच्या हातावर पडले तरी ते दान तामसच राहते. पात्रतेची परीक्षा देणाऱ्याचीही होत असते. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून निघालेल्या शिष्यास गुरू दानाविषयी उपदेश करतात, त्यातही श्रद्धेबरोबर लज्जेचा उल्लेख आहे. देताना दात्याला संकोच वाटावा, हा आमच्या शास्त्राचा विचार. आणि आपण मात्र सगळी लाज घेणाऱ्याच्या पदरी टाकून मोकळे होतो.

कायदा काय म्हणतो?

भीक मागणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमात सार्वजनिक जागी भिक्षा मागणे तर आहेच, पण गाणे, नाच, भविष्यकथन, खेळ अशा निमित्ताने मागणेही भिकेच्या व्याख्येत घातलेले आहे. म्हणजे शब्दशः पाहिले तर वासुदेव आणि पिंगळाही त्यात सापडावयाचे. प्रथम सापडल्यास एक ते तीन वर्षे आणि पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत शासकीय गृहात स्थानबद्ध ठेवण्याची त्यात तरतूद आहे. दिल्लीस लागू असलेल्या ह्याच कायद्याची प्रमुख कलमे तेथील उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी घटनाबाह्य ठरविली. २०२१ च्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यावरून याचकांना हटविण्याच्या मागणीवर, माणूस दारिद्र्यापोटी भीक मागतो, हे लक्षात आणून दिले. उलट इंदूर शहरात १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदविण्याचे प्रशासनाने ठरविले.

२०११ च्या जनगणनेत देशभरात भिकारी व निराश्रित म्हणून नोंद झालेल्यांची संख्या सुमारे ४ लाख १३ हजार होती. एवढ्या माणसांना कोंडून ठेवल्याने भूक कोंडली जात नाही. ह्या बाबतीत आम्हांस राजर्षी शाहू छत्रपतींची दृष्टी अधिक मोलाची वाटते. काही जातींवर चोर म्हणून शिक्का मारून त्यांना रोज हजेरी देण्यास लावणारी पद्धत त्यांनी १९१८ साली आपल्या संस्थानात बंद केली. ज्यांच्याकडे गाव संशयाने पाही त्या फासेपारध्यांना त्यांनी राहण्यास जागा दिली, कामाला लावले, आणि पहाऱ्याचे विश्वासाचे कामही सोपविले. पोटाला मिळाले की चोरी कशाला करील, हा त्यांचा साधा हिशेब होता. घेवड्याचा वेल उपटणे म्हणतात ते हेच.

संशयाचे बळी

आता जे लिहावयाचे आहे ते सणाच्या पानावर लिहिताना हात जड होतो. परंतु ते टाळणे योग्य नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा ह्या गावी आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागत तेथे आली. ती मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातली. पिढ्यान्पिढ्या ह्याच मार्गाने पोट भरणारी. त्या दिवसांत मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा मोबाईलवरून गावोगाव पसरली होती. कोणी नाव विचारले नाही, कोणी पोलीस येईपर्यंत थांबले नाही. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मरेपर्यंत मारले. २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांस जन्मठेपेची शिक्षा सुनावली. परंतु पाच घरांचे कर्ते पुरुष परत आले नाहीत.

हे दूरच्या खानदेशात घडले असे म्हणून आपणास सुटता येत नाही. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातील लवंगा येथे २०२२ च्या सप्टेंबरात पंढरपूरच्या वाटेवर असलेल्या चार साधूंना अशाच संशयावरून बेदम मारहाण झाली. त्यांनी फक्त रस्ता विचारला होता. सुदैवाने ते वाचले. मंगळवेढा म्हणजे संत दामाजीपंतांचे गाव. दुष्काळात बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांची कथा कीर्तनातून ऐकून आपले डोळे पाणावतात. आणि त्याच मंगळवेढ्याकडून निघालेल्या माणसांना पसाभर धान्याच्या ऐवजी हे मिळाले.

ह्या घटनांतून आम्ही जो बोध घेतो तो असा. न पाहता नाणे टाकणारा हात आणि न विचारता उगारला जाणारा हात ह्यांत अंतर फार मोठे आहे, ह्यात शंका नाही. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच सवय आहे. अनोळखी माणसाला माणूस म्हणून प्रश्न विचारण्याची आणि त्याचे उत्तर ऐकून घेण्याची आपली सवय मोडत चालली आहे. "कोण गावचे, पाहुणे?" हा आमच्या भागातला साधा प्रश्न. तो त्या दिवशी राईनपाड्यात कोणी शांतपणे विचारला असता आणि उत्तर ऐकून घेतले असते, तर कदाचित पाच जीव वाचले असते. आमच्या ह्याच डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांतून पोटासाठी मुंबईस गेलेल्या माणसांनाही परक्या शहरात पहिल्या दिवशी कोणा अनोळखी माणसापुढे तोंड उघडावे लागले असेल. त्यांना जे उत्तर मिळावे असे आपणास वाटते, तेच उत्तर आपल्या फलाटावर आलेल्याला मिळावे.

व्यवहार कसा असावा?

आता प्रत्यक्ष वागण्याविषयी दोन शब्द. पहिली गोष्ट अशी की, जो मागतो त्याच्याकडे पाहावे आणि त्याला उत्तर द्यावे. देणार असाल तर हातात द्यावे, वरून टाकू नये. देणार नसाल तर "आज जमणार नाही, बाबा" किंवा "माफ करा, मावशी" असे सरळ म्हणावे. ह्याला एक पैसाही पडत नाही. मागणारा नकाराला सरावलेला असतो. आपण जणू नाहीच असे कोणी वागले, तर तेच त्याला अधिक लागते.

दुसरी गोष्ट, पैशापेक्षा अन्न बरे. भुकेला असेल तर शेजारच्या गाड्यावरून भाकरी-भाजी, वडापाव, चहा घेऊन द्यावा. त्यात फसवणुकीला वाव कमी आणि समाधान अधिक. पाकीट मारले गेले, गावी जाण्यास तिकिटाचे पैसे नाहीत, अशी कहाणी स्थानकावर हमखास ऐकू येते. ती खरी की खोटी ह्याचा खल करण्यापेक्षा त्या माणसाबरोबर वाहकापाशी जावे आणि तिकीट काढून द्यावे. खरा असेल तो आशीर्वाद देईल; खोटा असेल तो आपण होऊन निघून जाईल, आणि कोणाचा अपमानही होणार नाही. वृद्ध माणूस असेल तर हेही सांगावे की, ७५ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकास २०२२ च्या ऑगस्टपासून राज्यात एस. टी.चा प्रवास विनामूल्य आहे, आणि २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांस अर्धे तिकीट आहे. कित्येकदा पैशाची नव्हे, ह्या एवढ्या माहितीचीच गरज असते.

तिसरी गोष्ट लहान मुलांची. कडेवर तान्हे मूल घेऊन किंवा स्वतः मूलच हात पसरून आले की आपले काळीज हलते, आणि नेमके ह्याच काळजाच्या ओलाव्यावर काही लोक धंदा करतात. मुलाला भिकेस लावणे हा २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड होऊ शकणारा गुन्हा आहे. म्हणून मुलाच्या हाती नाणे देऊ नये. खाऊ द्यावा, नाव विचारावे, शाळेचे विचारावे. आणि मूल संकटात आहे असे वाटले तर १०९८ ह्या क्रमांकावर कळवावे. येथे नाणे न देणे हीच दया होय.

चौथी गोष्ट, भीतीपोटी देऊ नये. देवीचा कोप होईल, घरावर करणी आहे, अमुक दिले नाही तर तमुक होईल, असे धमकावून जो मागतो तो भिक्षा मागत नसतो, खंडणी मागत असतो. जगदंबा आपल्या लेकरांवर वीस रुपयांसाठी कोपत नाही. अशा भोंदूगिरीविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून स्वतंत्र कायदा आहे. तसेच एकट्या मुलीची किंवा वृद्धेची वाट अडवून कोणी पैसे मागत असेल, तर तेथे थांबून उत्तर देण्याचे बंधन तिच्यावर मुळीच नाही. तिने लोकांत जावे, आणि गरज पडल्यास ११२ क्रमांकावर पोलिसांस बोलवावे. संशय आला तर पोलिसांना सांगावे. स्वतःचा हात उचलू नये आणि मोबाईलवरची अफवाही पुढे पाठवू नये.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपल्या गावाविषयीची. रस्त्यावर हात पसरणारा आज जरी परका दिसला, तरी तो कोठल्यातरी गावाने, कोठल्यातरी भाऊबंदकीने सोडून दिलेला माणूस असतो. आपल्या वाडीवरची निराधार म्हातारी, अपंग पोर, टाकलेली सून उद्या दुसऱ्या गावच्या फलाटावर बसू नये ह्याची काळजी आपणच घ्यावयाची आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८० पासून आहे. २०२३ साली तिची रक्कम महिना १५०० रुपये झाली, आणि दिव्यांगांसाठी पुढे तीत आणखी वाढ झाली. परंतु डोंगरातल्या वस्तीवरून शाहूवाडीच्या तहसील कचेरीत येऊन दाखले गोळा करणे हे एकट्या म्हाताऱ्या माणसाचे काम नव्हे. तिच्याबरोबर एक दिवस घालविणारा शिकलेला तरुण हा शंभर नाण्यांहून मोठा दाता होय. नवरात्र मंडळांनी मंडपाच्या आणि रोषणाईच्या खर्चाबरोबर, आपल्या गावात असे कोण कोण आहे ह्याची यादी करून त्यांचे अर्ज भरून दिले, तर देवीची ती पूजाच ठरेल.

कोणी विचारील की, एवढे करूनही फसवणूक होईल त्याचे काय? होईल, कधीमधी होईल. दहा रुपयांना फसलेला गृहस्थ संध्याकाळी जेवून झोपतो. पण दहा रुपये वाचविण्यासाठी ज्याला उपाशी पाठविले तो खराच भुकेला निघाला, तर त्या चुकीची भरपाई करावयास तो पुन्हा भेटत नाही. म्हणून आपल्या ऐपतीप्रमाणे महिन्याकाठी काही रक्कम वाटेवरच्या याचकांसाठी मनाशी ठरवून ठेवावी. ती संपेपर्यंत फार चिकित्सा करू नये आणि संपल्यावर नम्रपणे नाही म्हणावे. ह्याने मनाची रोजची ओढाताण तरी थांबेल.

ललितापंचमीस अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीस जाते. सोहळ्याच्या अग्रस्थानी असताना रुसून बसलेल्या सखीची आठवण ठेवून देवी स्वतः तिच्या टेकडीवर जाते, अशी आपल्याकडची कथा आहे. मोठ्याने लहानाकडे जावे, त्याची विचारपूस करावी, हा त्या यात्रेचा अर्थ. येत्या नऊ दिवसांत दर्शनाच्या वाटेवर जो हात आपल्यापुढे येईल, त्या हातामागच्या तोंडाकडे एकवार पाहावे, आणि द्यावयाचे असो वा नसो, दोन शब्द बोलून मगच पुढे जावे. करवीरनिवासिनी सर्वांस तेवढी बुद्धी देवो आणि कोणावरही हात पसरण्याची वेळ न आणो, हीच ह्या पुण्यपर्वात आमची प्रार्थना.